चाळीसच्या आत

“मामा, हे काय लिहून ठेवलंय तुम्ही?”

श्रीशैलने कागद टेबलावर पुढे सरकवला आणि सातव्या ओळीवर पेनाचं टोक टेकवलं. चन्नवीर म्हेत्रेने खिशातून चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला आणि वाकून पाहिलं. ‘गेल्या बारा महिन्यांत अतिवेगाबद्दल दंड झाला आहे काय?’ असा छापील प्रश्न होता, आणि त्याच्यासमोर त्याने स्वतःच्या गोल, पाटीवरच्यासारख्या अक्षरात लिहिलं होतं, ‘होय’.

“झालाय की,” चन्नवीर म्हणाला. “मे महिन्यात. आपल्या मोटरसायकलला. मेसेज आला त्याच दिवशी भरून टाकला.”

“भरला ते चांगलं केलं. पण लिवायचं कशाला, मामा?” शाळेच्या अठरा बसगाड्यांचा कारभार बघणाऱ्या श्रीशैलने आवाज खाली आणला. “बाकी सतरा जणांनी ‘नाही’ लिवलंय. त्यातल्या निम्म्यांचे दंड मला तोंडपाठ हायत. इचारतंय कोण? आता हा कागद मॅडमकडं जाऊन सही होऊन आलाय. मागचं पान वाचलं न्हाय का तुम्ही?”

मागचं पान इंग्रजीत होतं. चन्नवीरने ते वाचलं नव्हतं. श्रीशैलने ते मराठीत सांगितलं, आणि सांगताना तो खिडकीबाहेर बघत राहिला. अतिवेगाबद्दल एकदाही दंड झालेल्या माणसाला शाळेची बस चालवायला ठेवायचं नाही, असा संस्थेचा नियम होता. एकदाही.

चन्नवीर एकवीस वर्षं ही बस चालवत होता. बस दोनदा बदलली, माणूस तोच. शेळगीपासून सुरू व्हायचं, कन्ना चौकावरून भवानी पेठेच्या गल्ल्यांच्या तोंडाशी थांबत थांबत शाळेत पोचायचं. सकाळी एक खेप, दुपारी एक. बसला वेग बांधून ठेवणारं यंत्र नंतर आलं. त्याच्या कितीतरी आधीपासून चन्नवीरच्या पायाला चाळीसची सवय होती. मोठ्या वर्गातली पोरं त्याच्या बसला बैलगाडी म्हणायची. रिक्षावाले मागून हॉर्न मारून मारून थकायचे. पहिलीत असताना त्याच्या बसमध्ये रडत चढलेली एक मुलगी यंदा आपल्या लेकीला त्याच्याच बसमध्ये चढवून गेली होती. ती लेक म्हणजे आरोही. ती रोज ड्रायव्हरच्या मागच्या पहिल्या बाकावर बसायची आणि वाटेतली कुत्री मोजायची.

मुख्याध्यापिका वैजयंतीबाईंनी त्याला बसायला खुर्ची दिली. एकवीस वर्षांत त्या खोलीत तो पहिल्यांदा खुर्चीवर बसला, तेही अगदी काठावर.

“चन्नवीर, मला सगळं माहीत आहे,” बाई म्हणाल्या. “तुमच्याइतका सांभाळून चालवणारा माणूस मला मिळणार नाही. पण हा कागद आता फाइलला लागलाय. उद्या देव न करो, कुणीतरी मागून येऊन तुमच्या बसला धडकला, तरी पहिला प्रश्न मलाच विचारतील. दंड झालेला माहीत असून ह्याला ठेवला कसा? मी काय सांगू?”

“बाई, ती माझी मोटरसायकल हुती. बस न्हवं.”

“नियमात गाडी लिहिलेली नाही. माणूस लिहिलाय.” त्यांनी फाइल मिटली. “तुम्ही ‘नाही’ लिहिलं असतं, तर मला कळलंही नसतं.”

हे त्या रागाने बोलल्या नव्हत्या. उलट त्यांचा चेहरा पडला होता. त्यांनी त्याला पंधरा दिवसांची सवड दिली. दंड चुकीचा होता असं पोलिसांकडून लेखी आणा, मी संस्थेशी भांडते, असं म्हणाल्या.

दंड चुकीचा होता का, हे चन्नवीरला स्वतःलाच ठरवता येत नव्हतं. तो रविवार त्याला लख्ख आठवत होता.

अक्कलकोटच्या पलीकडे दिलेली त्याची लेक बाळंत झाली होती. मुलगी झाली. चन्नवीर आणि त्याची बायको महानंदा सकाळी जाऊन नात बघून आले. परतताना बायपासला लागले तेव्हा अकरा वाजले असतील. रस्ता नवा, चार पदरी, काळा तुळतुळीत. उन्हामुळे चिटपाखरू नव्हतं. महानंदा मागे एका बाजूने बसली होती, मांडीवर लेकीच्या सासूने दिलेली शेंगाचटणीची बरणी. ती सारखी हसत होती. नातीचं नाक तुमच्यावर गेलंय, आता काय करायचं, म्हणत होती. आणि मग ती म्हणाली, “अवो, जरा जोरात घ्या की. शाळेची बस हाय का ही? म्हशीवर बसल्यागत वाटायलंय.”

चन्नवीरनेही हसून मूठ पिळली. वारा लागला. महानंदाने एका हाताने पदर धरला, दुसऱ्या हाताने त्याचा खांदा. काटा साठाच्या जरा अलीकडे थरथरत होता. दोन मिनिटं असेल, फार तर तीन. त्याला वाटलं होतं, आपण तरणे झालो.

चार दिवसांनी मोबाइलवर मेसेज आला. सोबत फोटो. मर्यादा चाळीस, वेग अठ्ठावन्न. चन्नवीरने जास्त विचार केला नाही. सरकारचं यंत्र आहे, सांगतंय तर खरंच असणार, असं म्हणून कोपऱ्यावरच्या सेवा केंद्रात जाऊन त्याने दंड भरला आणि पावती कपाटात ठेवली. महानंदाला सांगितलं नाही. कशाला सांगायचं? आनंदाचा दिवस होता तो.

आता मात्र तो पुन्हा त्या रस्त्यावर गेला. बोर्ड कुठे आहे ते बघायचं म्हणून दोन्ही बाजूंनी चार चकरा मारल्या. चाळीसचा बोर्ड कुठेच नव्हता. तिसऱ्या चकरेला त्याने मुद्दाम चाळीसने गाडी चालवून बघितली. मागून येणारा उसाचा रिकामा ट्रक इतक्या जवळून गेला, की वाऱ्याने मोटरसायकल कडेच्या मातीत उतरली. ट्रकच्या क्लीनरने खिडकीतून डोकं काढून शिवी दिली, “मरायला आलाय का, म्हाताऱ्या?”

पुलाच्या सावलीत पोलिसांची पांढरी गाडी उभी होती. तिच्या खिडकीतून यंत्राचं काळं भिंग रस्त्याकडे बघत होतं. शेजारी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर एक हवालदार बसला होता. छातीवरच्या पट्टीवर अभिमन्यू असं नाव दिसत होतं. माणूस करमाळ्याकडचा, बोलायला मोकळा. चन्नवीरचं सगळं ऐकून घेताना त्याने थर्मासच्या झाकणात चहा ओतून त्याच्यापुढे धरला.

“मामा, खरं सांगू का? हितं पुलाचं काम चालू हुतं, तवा चाळीस केलं हुतं. काम संपलं मार्चात. बोर्ड गेले. पण आदेश काय रद्द झाला न्हाय. आदेश हाय तंवर मशिनीत चाळीसच टाकावं लागतंय.”

“पण बोर्डच न्हाय तर माणसाला कळायचं कसं, साहेब?”

“बोर्ड आमच्याकडं येत न्हाय. ते रस्तेवाल्यांचं.”

“मंग हितंच गाडी का लावता? गावात एवढी पोरं सुसाट जात्यात.”

अभिमन्यूने कपाळावरचा घाम पुसला. “वरनं जागा ठरवून येत्यात. मी काय सांगणार?” मग त्याने इकडेतिकडे पाहिलं. “मी बी ह्याच रस्त्यानं येतो रोज डूटीला. साठनंच येतो. चाळीसनं आलो तर मलाच उडिवत्याल.”

रस्तेवाल्यांचं ऑफिस म्हणजे पुढे दोन किलोमीटरवर ठेवलेला पत्र्याचा निळा डबा. आत सुमित नावाचा इंजिनिअर लॅपटॉपसमोर बसला होता. चांगला मुलगा. त्याने लगेच फाइल काढली. “काका, काम संपलं त्या दिवशी आम्ही बोर्ड काढले. न काढले तर आम्हाला दंड आहे. आणि मर्यादा पूर्ववत करा असं पत्रही दिलं. ही बघा पोच.” त्याने पोचेची झेरॉक्ससुद्धा काढून दिली. कागदावर गोल शिक्का होता, तारीख मार्चची होती.

तो कागद हातात आल्यावर चन्नवीरला इतक्या दिवसांत पहिल्यांदा हलकं वाटलं. म्हणजे आपली चूक नाही. शिक्क्यासकट लिहिलेलं आहे, आपली चूक नाही. वाटेत त्याने कागदाला प्लॅस्टिकचं कव्हर घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळची खेप आटोपून तो दंडाच्या तक्रारी घेणाऱ्या खिडकीपुढे उभा राहिला. पुढे अकरा माणसं होती. नंबर आला तेव्हा आतल्या बाईंनी कागद उलटसुलट बघितला, गाडीचा नंबर टाइप केला आणि मान हलवली.

“दंड भरलाय तुम्ही.”

“व्हय. त्याच दिवशी.”

“मग केस बंद झाली. भरला म्हणजे चूक कबूल केली. भरला नसता, तर तक्रार घेता आली असती.”

“बाई, मला पैसे परत नकोत. खरंच नकोत. नुसतं लिहून द्या, की तितं बोर्ड नव्हता.”

“बंद झालेल्या केसवर काय लिहून देणार, काका? स्क्रीनवर उघडतच नाही. बघा.” तिने खरंच स्क्रीन त्याच्याकडे वळवला. त्याचं नाव दिसत होतं, गाडीचा नंबर दिसत होता, आणि खाली एक राखाडी चौकट होती. तिने त्या चौकटीवर दोनतीनदा क्लिक करून दाखवलं. काही झालं नाही.

“ज्यांनी भरला न्हाय, त्यांचं काय?”

“त्यांचं चाललंय.” बाईंनी नाइलाजाने हात उघडे केले. “काका, मागं रांग आहे.”

मागच्या माणसाने चन्नवीरच्या खांद्यावरून आपला कागद आत सरकवला. चन्नवीर बाजूला झाला. ज्याने हुज्जत घातली त्याच्यासाठी खिडकी उघडी होती. ज्याने मुकाट्याने ऐकलं त्याच्यासाठी बंद. तो पायरीवर बराच वेळ बसून राहिला. दुपारच्या खेपेची वेळ झाली तेव्हा उठला, कारण पोरं थांबली असती.

त्या दिवशी बस चालवताना त्याचं लक्ष पहिल्यांदाच काट्याकडे गेलं. एकवीस वर्षांत त्याने काट्याकडे बघून कधी चालवलं नव्हतं. वेग त्याला तळपायातून कळायचा. आता दर चौकाला त्याची नजर खाली जात होती. पस्तीस. बत्तीस. पस्तीस. शेवटी बसमधल्या पोरांची चढउतार सांभाळणाऱ्या सोनाबाई म्हणाल्या, “दादा, समोर बघा की. कवाधरनं खालीच बघायलाय.”

घरी महानंदा कडक भाकऱ्या थापत होती. दुकानांना देण्यासाठी ती रोज दोनशे भाकरी करायची. भाकरी थापण्याचा आवाज भवानी पेठेतल्या यंत्रमागांच्या खडखडाटात मिसळून जायचा, पण तो आवाज थांबला की चन्नवीरला लगेच कळायचं. तो आत आला आणि तो आवाज थांबला.

“श्रीशैलची बायको आल्ती भाकरी न्यायला,” महानंदा म्हणाली. तिचे हात पिठाने पांढरे होते. “म्हणत हुती, तुमच्या मालकांचं लई वाईट झालं.”

चन्नवीरने चपला काढल्या.

“त्याच दिवशीचं का हो ते? नातीला बघून आलो त्या दिवशीचं?”

“व्हय.”

“म्याच म्हटलं जोरात घ्या म्हणून.”

“मूठ कुनाच्या हातात हुती? तुज्या का माज्या?”

“म्हशीवर बसल्यागत वाटायलंय, असं म्हटलं म्या. एकवीस वर्सं कुनाचं ऐकलं न्हाय. पोरांचं न्हाय, हॉर्न मारणाऱ्यांचं न्हाय. एकदा बायकोचं ऐकलं.”

तिने रडताना हात तोंडाला लावले आणि सगळं पीठ गालांना लागलं. चन्नवीर तिच्यापाशी खाली बसला. एरवी घरात काही फुटलं, सांडलं, गेलं, की महानंदाच आपल्या माहेरच्या कानडीत ‘होगली बिडरी’, जाऊ द्या, म्हणून मोकळी व्हायची. आज ते त्याने म्हणायला हवं होतं. त्याऐवजी त्याने परातीतला पिठाचा उंडा उचलला आणि तिच्यापुढे ठेवला. बऱ्याच वेळाने ती पुन्हा थापायला लागली.

पंधराव्या दिवशी तो वैजयंतीबाईंकडे पोचेची झेरॉक्स घेऊन गेला. बाईंनी ती नीट वाचली. दोनदा वाचली. संस्थेच्या सचिवांना त्याच्यासमोरच फोन लावला आणि खरोखर भांडल्या. फोन ठेवून त्यांनी झेरॉक्स त्याला परत दिली.

“ते म्हणतात, एकाला सूट दिली की नियम राहत नाही. गेटवर जागा आहे, चन्नवीर. पगार थोडा कमी. पण शाळेतच राहाल.”

“बघतो, बाई.”

“आणि मालाच्या गाडीवर जायचं म्हटलं तर मी शिफारस लिहून देते.”

श्रीशैलने हेच सांगितलं होतं. पुण्याच्या मार्गावर माल नेणारे कितीतरी मालक होते. तिथे असला फॉर्म कुणी भरून घेत नव्हतं. उलट पहाटेपर्यंत पोचव म्हणून ऐंशी-नव्वदने पळवायला सांगत होते. चाळीसने पोरं नेण्याला तो नालायक ठरला होता, नव्वदने सिमेंट न्यायला नव्हता.

“बाई, एक मागतो,” चन्नवीर म्हणाला. “नवीन माणूस येईल त्याच्याबरोबर तीन दिवस मला जाऊ द्या. चालवणार न्हाय. नुसता शेजारी बसतो. रस्ता दाखवायला.”

“रस्ता मोबाइल दाखवतो आता,” बाई म्हणाल्या, आणि लगेच आपल्याच बोलण्याची लाज वाटल्यासारख्या थांबल्या. “जा. जरूर जा.”

नव्या ड्रायव्हरचं नाव गुरू. तिशीतला, हसरा, पूर्वी लग्नाच्या गाड्या चालवलेला. पहिल्या दिवशी त्याने सीट मागे सरकवली, कारण त्याचे पाय लांब होते. आरसाही फिरवला. चन्नवीर दरवाजाजवळच्या सोनाबाईंच्या घडीच्या सीटवर बसला, गुडघ्यांवर हात ठेवून.

“ह्या वळणावर थांब जरा. ह्या पोराची आजी उशिरा येते, तिला सांधेदुखी हाय. हॉर्न वाजवू नको, ती घाबरून पळायला लागते.”

“बरं मामा.”

“चौथ्या बाकावरच्या पोरीला गाडी लागते. खिडकीशी बसीव. हितं गटाराचं झाकण खाली गेलंय, डावं चाक वाचीव. त्या माडीखाली कुत्रं झोपतंय, ते उठत न्हाय. आपणच वळायचं.”

“एकवीस!” मागून आरोही ओरडली. ती कुत्री मोजत होती. “मामा, आज तुम्ही का नाही चालवत?”

“आज सुट्टी घेतलीय.”

“सुट्टीच्या दिवशी कुणी बसमध्ये बसतं का?”

सगळी पोरं हसली. चन्नवीरही हसला.

तिसऱ्या दिवशी दुपारची खेप सुरू व्हायच्या आधी फोन वाजला. पुलाखालचा हवालदार अभिमन्यू. चन्नवीरने नंबर देऊन ठेवला होता.

“मामा, चांगली बातमी हाय. आदेश निघाला. आजपासनं तितं ऐंशी. आता कुनाला दंड बसायचा न्हाय.”

“बरं झालं,” चन्नवीर म्हणाला. “आन माजं?”

“तुमचं मागचं हाय, मामा. मागच्याला लागू न्हाय ते.” अभिमन्यू जरा अडखळला. “मी इचारलं. खरंच इचारलं.”

“इचारलंस, बास झालं,” चन्नवीर म्हणाला आणि फोन खिशात ठेवला.

त्या खेपेला त्याला काही सांगावं लागलं नाही. गुरूला आता सगळं येत होतं. आजीसाठी तो आपण होऊन थांबला. गटाराचं झाकण वाचवलं. एकेक पोर उतरत गेलं. आरोही उतरताना तिच्या आईने, जी कधीकाळी ह्याच पायरीवर रडत उभी राहायची, चन्नवीरकडे पाहिलं. तिला कळलं होतं. ती काहीतरी बोलणार होती, पण मागून एक टेम्पो हॉर्न मारत होता, म्हणून तिने नुसते हात जोडल्यासारखे केले आणि मुलीला ओढून बाजूला घेतलं.

भवानी पेठेच्या तोंडाशी चन्नवीर उठला.

“मला हितंच सोड.”

गुरूने बस कडेला घेतली. इंजिन चालू ठेवून तो सीटवरून अर्धा उठला आणि म्हणाला, “मामा, काय राहिलं असंल तर सांगा.”

चन्नवीरने आत एक नजर टाकली. मागच्या बाकांवर सहासात पोरं उरली होती, दोघं पेंगत होती. सोनाबाईंनी तोंड खिडकीकडे फिरवलं होतं.

“पुढं उतार हाय,” तो म्हणाला. “ब्रेकवर उतरवू नको. आधीच दुसऱ्या गिअरात घे. न्हायतर झोपलेली पोरं पुढच्या बाकावर आदळत्यात.”

तो खाली उतरला. दार बंद झालं. पिवळी बस सावकाश निघाली, कोपऱ्यावर वळली आणि दिसेनाशी झाली. चन्नवीर तिथेच उभा राहिला. मागांचा खडखडाट चालू होता, रिक्षा जात होत्या, एक फेरीवाला त्याला बाजूला हो म्हणाला, तरी तो हलला नाही. मान किंचित तिरकी करून तो ऐकत होता.

पलीकडे, उताराच्या थोडं अलीकडे, इंजिनाचा आवाज बदलला. गाडी दुसऱ्यात पडली होती.

मग तो घराकडे वळला.